वडिलांचा २००४ सालचा संगणक पासवर्डने बंद : आतली शेतांची नावे वाचवायची आहेत

शिवारवाट

नमस्कार. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम मनापासून केले. आमच्या आणि शेजारच्या तीन गावांच्या शिवारातली शेते, ओढे, टेकाडे आणि पाणंदी यांची नावे गोळा करायची, ते नाव कोणी सांगितले, ते का पडले आणि ती जमीन आता कोणत्या गटात मोडते हे लिहून ठेवायचे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. ‘चिलारीचं टेक’ किंवा ‘गुऱ्हाळाची पट्टी’ ही नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच होती, आणि आबांना ती सांगणाऱ्यांपैकी फार थोडी माणसे आज हयात आहेत.

आबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या वह्या खालच्या खोलीतल्या कपाटात होत्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या भिजल्या आणि शाई पसरून एकही पान वाचण्याजोगे राहिले नाही. संगणक माळ्यावर असल्यामुळे वाचला. वह्यांतला बराचसा मजकूर आबांनी संगणकावर टाइप केला होता हे मला नक्की माहीत आहे, कारण मी सुट्टीत घरी आले की ते मला तो वाचून दाखवायचे.

संगणक पेंटियम ४ आहे, मेमरी २५६ एमबी, हार्ड डिस्क ४० जीबी, विंडोज एक्सपी प्रोफेशनल. गेल्या महिन्यात माळ्यावरून काढून, धूळ पुसून चालू केला. आधी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश आला, एफ-१ दाबल्यावर विंडोज सुरू झाले आणि आबांच्या नावापुढे पासवर्ड मागू लागले. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केल्यावर आबांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण दिसली : रोमन अक्षरांत ‘नेहमीचा’. तो नेहमीचा पासवर्ड कोणता हे आईला, मला किंवा भावाला, कोणालाच माहीत नाही. आमची नावे, शाळेचे नाव, जन्मतारखा, सगळे घालून पाहिले. शहरातल्या एका दुकानात दाखवला, तर फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो म्हणाले. मी संगणक उचलून घरी आणला. मला संगणक नको आहे, आतला मजकूर हवा आहे. काय करावे?

तांब्याचीतार

ताई, दुकानातून संगणक परत आणलात हे फार चांगले केलेत. आता पहिली विनंती अशी की तो पुन्हा चालू करू नका. पासवर्डची चिंता तुम्हाला सर्वांत मोठी वाटते आहे. मला ती सर्वांत लहान वाटते. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेली वीस वर्षांची हार्ड डिस्क प्रत्येक वेळी फिरू लागते, तेव्हा ती बंद पडण्याची शक्यता असते, आणि विंडोज सुरू होताना आपल्या नकळत तिच्यावर शेकडो ठिकाणी लिहितही असते. पासवर्ड शोधण्यासाठी तुम्ही ती जितक्या वेळा चालू कराल, तितके आबांच्या लेखनाचे आयुष्य कमी होईल.

कुलूप नेमके कोणते आहे हेही समजून घ्या, कारण लोक तिन्हींना पासवर्डच म्हणतात. विंडोज सुरू होण्याआधीच काळ्या किंवा निळ्या पडद्यावर मागितला जातो तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा. घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तो मदरबोर्डवरच्या सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत राहतो आणि नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी काढून किंवा तिच्याजवळचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सरकवून बहुतेक वेळा पुसता येतो. (लॅपटॉपवाल्यांनी या वाक्यावर विसंबू नये, तिथे तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि बॅटरी काढून जात नाही.) दुसरा हार्ड डिस्कचा स्वतःचा. तो असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही वाचता येत नाही. तिसरा विंडोजचा, आणि तुमचा तोच आहे. विंडोजचा पासवर्ड हा घराच्या पुढच्या दाराचा कडी-कोयंडा आहे, घराच्या भिंती नव्हेत. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की हा पासवर्ड कोणी विचारतच नाही.

चेकसमच्या संदेशाचा पासवर्डशी काही संबंध नाही. ती नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, म्हणून संगणक तारीख आणि सेटिंग विसरला आहे.

आता करायचे ते असे. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा आणि मदरबोर्डचा जवळून फोटो इथे टाका. विजेची वायर आधी काढून ठेवा. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका, त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही बराच काळ भारित राहतात.

कृष्णाकाठ

माझ्या चुलत्यांच्या दुकानातला असाच एक्सपीचा संगणक आम्ही कोणतेही साधन न वापरता उघडला होता. नावांचे चित्र असलेल्या पडद्यावर कंट्रोल-आल्ट-डिलीट लागोपाठ दोनदा दाबले की जुन्या पद्धतीची नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट येते. तिथे नावाच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटर लिहून पासवर्ड रिकामा ठेवून एंटर दाबा. विंडोज टाकणाऱ्याने त्या खात्याला पासवर्ड दिलेलाच नसेल, तर संगणक उघडतो. एक्सपी होममध्ये हे खाते फक्त सेफ मोडमध्ये दिसते, त्यासाठी सुरुवातीला एफ-८ दाबावे लागते. ताई, एवढे करून पाहायला काय हरकत आहे?

शिवारवाट

हे मी दुकानात जाण्याआधी करून पाहिले होते. ॲडमिनिस्ट्रेटर नावालाही पासवर्ड आहे. २००४ मध्ये ज्यांनी विंडोज टाकून दिले, त्यांनीच तो ठेवला असावा.

संपादक मंडळ

अशा प्रश्नांवर आम्ही एक नियम पाळतो, म्हणून विचारणे भाग आहे : संगणक आपल्या कुटुंबाच्या मालकीचा आहे ना, आणि घरातल्या इतरांची संमती आहे ना?

शिवारवाट

हो. खरेदीची पावती आबांच्या नावाची आहे आणि ती त्यांनी जपून ठेवलेल्या फायलीत सापडली. आई आणि भाऊ दोघांनाही हे काम व्हावे असेच वाटते. आईने एकच सांगितले आहे, आबांची पत्रे कोणी वाचायची नाहीत.

तांब्याचीतार

पासवर्ड बाहेरून पुसून टाकण्याचा सल्ला आता कोणीतरी देईल, म्हणून आधीच लिहितो. तसे साधन आहे, आणि पुढे लागले तर आपण वापरू, पण मूळ डिस्कवर नाही. एक्सपी प्रोफेशनलमध्ये फाइल किंवा फोल्डर कूटबद्ध करण्याची सोय आहे आणि तिची किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. पासवर्ड आतून बदलला तर किल्लीही नव्या पासवर्डशी बांधली जाते. बाहेरून जबरदस्तीने पुसला तर जुनी किल्ली उघडत नाही आणि त्या फाइली कायमच्या बंद राहू शकतात. आबांनी असे काही केले असण्याची शक्यता कमी आहे, पण जे परत फिरवता येत नाही ते एकुलत्या एका प्रतीवर करायचे नसते.

क्रम असा ठेवू : आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (म्हणजे एका फाइलीत घेतलेली तिची हुबेहूब नक्कल), मग त्या प्रतिमेतून फाइली, आणि सर्वांत शेवटी, लागलेच तर, पासवर्ड.

शिवारवाट

पुतण्याला हाताशी घेऊन काल कॅबिनेट उघडले. आत इतकी धूळ होती की आधी रंगाच्या ब्रशने झाडावी लागली. प्रोसेसरच्या पंख्याशेजारी एका रांगेत उभ्या असलेल्या छोट्या दंडगोलांपैकी चार वरून फुगले आहेत आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी कवच आले आहे. डिस्कला रुंद चपटी राखाडी पट्टी लावलेली आहे. फोटो टाकले आहेत.

तांब्याचीतार

ते फुगलेले दंडगोल म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांना हा रोग होता, सदोष द्रावणामुळे ते काही वर्षांतच फुगत आणि गळत. तुमचा संगणक या अवस्थेत सुरू झाला हेच नवल आहे. आता तो अजिबात चालू करायचा नाही.

चपटी पट्टी आहे म्हणजे डिस्क आयडीई पद्धतीची आहे, आजच्या संगणकाला ती थेट जोडता येत नाही. आयडीई-यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण घेताना एक गोष्ट बघा : साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, त्यामुळे अडॅप्टरसोबत विजेचा वेगळा चार्जर आणि चार पिनांचे पांढरे कनेक्टर असलेलाच घ्या. डिस्कच्या मागे एक लहान जंपर असतो, तो ‘मास्टर’वर ठेवा, जागा डिस्कवरच्या लेबलवर छापलेल्या असतात.

जोडणी शक्यतो विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालणाऱ्या संगणकाला करा, आणि डिस्क आपोआप उघडण्याची सोय आधी बंद करा. विंडोजला जोडलीत आणि ‘ही डिस्क फॉर्मॅट करायची का’ किंवा ‘डिस्क तपासून दुरुस्त करू का’ असे विचारले गेले, तर दोन्हींना नाही म्हणा. दुसऱ्या प्रश्नाला लोक फसतात, कारण त्यात दुरुस्ती हा शब्द असतो. पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती तपासणी चालवली, तर उरलेसुरले तेही अस्ताव्यस्त होऊ शकते.

प्रत घेण्यासाठी डीडीरेस्क्यू वापरा. साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर अडकून बसते. डीडीरेस्क्यू आधी सोपे भाग भराभर उचलते, अडणारी जागा सोडून पुढे जाते, काय वाचले आणि काय राहिले याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवते आणि मग राहिलेल्या जागांकडे परत वळते. मध्ये वीज गेली तरी त्या नकाशावरून काम पुढे सुरू होते. आपल्याकडच्या भारनियमनात ही सोय मला अनेकदा उपयोगी पडली आहे. नकाशा-फाइल द्यायला मात्र विसरू नका.

कृष्णाकाठ

कोणी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली, तर ऐकू नका. मी एकदा ऐकले होते. बाहेर काढल्यावर आत दव धरले आणि जी डिस्क हळूहळू का होईना वाचली जात होती, ती त्यानंतर वाचलीच गेली नाही. त्यात माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते.

शिवारवाट

सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला उपयोग होईल.

अडॅप्टर मागवला, पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि प्रतिमा ठेवण्यासाठी ५०० जीबीची बाहेरची डिस्क जोडली. आबांची डिस्क टेबलावर उताणी न ठेवता सरळ, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली आणि समोर पंखा लावला. संगणकाला ती ३७ जीबीची दिसली; ४० का नाहीत म्हणून मी घाबरले, पण पुतण्याने समजावले की बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीत.

पहिली २२ जीबी अर्ध्या तासाच्या आत आली. मग डिस्कमधून ‘टक... टक... टक’ असा घड्याळासारखा आवाज येऊ लागला आणि वेग जवळजवळ शून्यावर आला. त्या क्षणी वायर उपटून टाकावी असे वाटले. पडद्यावर पाहिले तर डीडीरेस्क्यू तो भाग सोडून पुढे सरकले होते आणि आवाजही थांबला होता. रात्री अकरापर्यंत पहिली फेरी संपली तेव्हा १८ एमबी वाचायचे राहिले होते. आम्ही डिस्क बंद करून थंड होऊ दिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या जागांवर तीन फेऱ्या केल्या, एकदा उलट्या दिशेनेही वाचायला लावले. शेवटी २१२ केबी राहिले, ते आले नाहीत.

त्यानंतर मूळ डिस्क जाड कापडात गुंडाळून आईच्या लोखंडी कपाटात ठेवली.

तांब्याचीतार

४० जीबीपैकी २१२ केबी! ताई, पेढे वाटा. उताणी न ठेवण्याची आणि पंख्याची काळजी सगळे घेत नाहीत.

आता प्रतिमेची आणखी एक प्रत करा आणि सगळे उद्योग त्या दुसऱ्या प्रतीवरच करा. प्रतिमा फक्त वाचण्यासाठी जोडा. एक्सपीमधल्या फाइली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात असतात. एक्सपीत पासवर्ड ठेवताना ‘फोल्डर खासगी करायचे का’ असे विचारले जायचे. आबांनी हो म्हटले असेल तर दुसऱ्या विंडोजवरून ते फोल्डर उघडताना परवानगी नाही असे येईल, लिनक्सवरून ही अडचण येत नाही. शिवाय डी ड्राइव्ह नक्की बघा. आपल्याकडे विंडोज टाकणारे ‘महत्त्वाचे ते डी-मध्ये ठेवा’ असे हमखास सांगत, आणि शिक्षक माणूस सांगितलेले पाळतो.

शिवारवाट

डी ड्राइव्हमध्ये ‘शिवार’ नावाचे फोल्डर सापडले. चारही गावांच्या नावाने चार वर्डच्या फाइली, ‘टिपणे’ नावाची पाचवी आणि पेजमेकरची एक, जिच्यात बहुधा छापण्यासाठी मांडणी करत होते. फोल्डरचे नाव वाचूनच आई रडली.

पण फाइल उघडली तर आत मराठी नाही. पानभर रोमन अक्षरे, आकडे, तिरक्या रेघा, डॉलर आणि पाउंडाची चिन्हे असा चिखल आहे. चारही फाइली तशाच. त्या २१२ केबींमुळे बिघडल्या का? की आबांनी खरेच काही कूटबद्ध केले होते? कालपासून मला झोप नाही.

जुनाजुळारी

ताई, शांत व्हा. मजकूर बिघडलेला नाही आणि कूटबद्धही नाही. मी १९९६ पासून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी करतो आहे आणि हा चिखल मी वाचू शकतो असे म्हटले तरी चालेल.

त्या काळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांत एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, मराठीसाठी घरोघरी पोचलेली नव्हती. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशी सॉफ्टवेअरे आपापले फॉन्ट देत, आणि त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तुम्ही रोमन अक्षर किंवा डॉलरचे चिन्हच टाइप करत होता. ते ‘ग’सारखे दिसे ते केवळ फॉन्टमुळे. फॉन्ट नसला की आतला सांगाडा उघडा पडतो, तोच तुम्हाला दिसतो आहे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाच कंपनीच्याही मालिका वेगवेगळ्या. म्हणून खरी किल्ली म्हणजे तो नेमका फॉन्ट.

फाइल लिबरऑफिसमध्ये उघडा, कर्सर त्या चिखलात ठेवा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव वाचा. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर नाव तिरप्या अक्षरांत दिसेल. मग आबांच्या प्रतिमेत विंडोजच्या फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ फोल्डर शोधा आणि त्याच नावाची फाइल आपल्या संगणकावर बसवा.

शिवारवाट

श्रीदेव ०७१४ असे नाव आले. फॉन्ट आबांच्या प्रतिमेतच मिळाला. तो बसवून फाइल पुन्हा उघडली आणि पहिल्याच ओळीत दिसले : ‘गुऱ्हाळाची पट्टी. सांगणार : आमची आई. पूर्वी इथे चुलाण होते.’

आजीने सांगितलेले नाव आहे ते.

जुनाजुळारी

हे वाचून फार समाधान वाटले. पण इथे थांबू नका. आत्ता तो मजकूर फक्त त्या फॉन्टच्या आधाराने दिसतो आहे. शोधायला गेलात तर सापडणार नाही, दुसऱ्याला पाठवलात तर पुन्हा चिखल. तो युनिकोडमध्ये आणलाच पाहिजे. श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत तशी सोय असते आणि स्वतंत्र परिवर्तकही मिळतात. मात्र परिवर्तन झाले म्हणजे काम झाले असे समजू नका, एकेक ओळ डोळ्यांखालून घाला.

चुका कुठे होतात ते सांगतो. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी; रफार अक्षराच्या डोक्यावर नंतर काढतो, म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र अक्षराआधी. परिवर्तकाला हे सगळे उलटेपालटे करावे लागते, आणि वेलांटीखाली जोडाक्षर आले की तो चुकतो. काना हाही वेगळा तुकडा असतो. अर्ध्या ‘ग’ला काना जोडून पूर्ण ‘ग’ होई, त्यामुळे कुठला काना अक्षराचा आणि कुठला ‘गा’चा हे त्याला ओळखावे लागते.

आणि मराठीपुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ. गुऱ्हाळ, कऱ्हाड, चऱ्हाट, दऱ्या. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक त्याला सरसकट रफार करून टाकतात. तुमच्या शिवारात असे शब्द पुष्कळ असणार.

दूरदेशी

पेजमेकरच्या फाइलीसाठी एक पर्याय सुचवतो. डिस्कची प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून जुना एक्सपी नव्या लॅपटॉपच्या आतच चालू करता येतो. डिस्क आयडीई नियंत्रकावरच जोडावी, नाहीतर सुरुवातीलाच निळा पडदा येतो. पाने मांडण्याच्या इंडिझाइन या सॉफ्टवेअरची सीएस ६ पर्यंतची आवृत्ती कोणाकडे असेल, तर पेजमेकर ६ पासून पुढच्या फाइली तिच्यात थेट उघडतात, हेही नोंदवून ठेवतो.

शिवारवाट

आबांच्या संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी आगपेटीएवढा एक निळसर ठोकळा लावलेला आहे. पुतण्या म्हणतो, ते डोंगल आहे.

तांब्याचीतार

तर मग जुना संगणकच उभा करणे बरे. टंकलेखनाची काही सॉफ्टवेअरे असे डोंगल लावल्याशिवाय चालत नसत, आणि आजच्या लॅपटॉपला ते लावायला पॅरलल पोर्टच नसतो. आता आपल्याकडे प्रतिमा सुरक्षित आहे, त्यामुळे धीटपणे काम करता येईल.

चारही कपॅसिटर बदलून घ्या. जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड तेच ठेवा, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतील, आणि १०५ अंशांचे, मदरबोर्डसाठीचे लो-ईएसआर प्रकारचेच मागा. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम तासाभरात करतो. सीआर २०३२ नवी घाला आणि बायोसमध्ये तारीख लावा. मूळ डिस्क कपाटातच राहू दे. प्रतिमा एका जुन्या पण धडधाकट आयडीई डिस्कवर उतरवा आणि ती जोडा.

मग पासवर्ड. सीएचएनटीपीडब्ल्यू नावाचे साधन सीडीवर उतरवून संगणक त्या सीडीवरून सुरू करा. विंडोज पासवर्ड अक्षरांत ठेवत नाही, त्याचे ठसे सॅम नावाच्या फाइलीत ठेवते. हे साधन त्या फाइलीतला ठसा पुसते. आधी विभाग विचारेल, मग खात्यांची यादी दाखवेल. प्रत्येक खात्यापुढे एक क्रमांक असतो. ०१एफ४ हे ॲडमिनिस्ट्रेटर, आबांचे बहुधा ०३ईबी किंवा त्याच्या आसपास. नाव टाइप करू नका, क्रमांकच द्या. नवा पासवर्ड देण्याऐवजी ‘रिकामा करा’ हाच पर्याय निवडा, तो जास्त भरवशाचा आहे. शेवटी ‘बदल लिहायचे का’ असे विचारते, तिथे होकार द्यायला लोक विसरतात आणि मग साधन चालत नाही म्हणतात.

आणि तो संगणक इंटरनेटला जोडू नका. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाली आहे.

शिवारवाट

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कपॅसिटर बदलले, बॅटरी बदलली, डिस्क बसवली. आबांचे खाते ०३ईबीच निघाले. पहिल्यांदा मी खरोखरच शेवटचा होकार द्यायला विसरले, दुसऱ्यांदा दिला. नावावर क्लिक केले आणि पासवर्ड न मागता आबांचा पडदा उघडला. मागे आमच्या विहिरीचा फोटो लावलेला होता. ती विहीर आता बुजवली आहे.

नेहमीचा पासवर्ड काय होता ते शेवटपर्यंत कळले नाही. पत्रांचे फोल्डर होते, ते उघडले नाही, आईसाठी वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवले.

डोंगल लावलेले होते म्हणून श्री-लिपी आणि पेजमेकर दोन्ही चालले. चौसष्ट पानांची पुस्तिका तयार आहे, फक्त प्रस्तावनेची जागा कोरी सोडलेली आहे. सगळी पाने छापून घेतली, आता त्यांच्याशी ताडून युनिकोड मजकूर तपासते आहे. जुळारीकाका, तुम्ही म्हणालात तसेच झाले. ‘दऱ्यातलं रान’चे परिवर्तकाने ‘दर्यातलं रान’ केले होते. छापील पान हाताशी नसते, तर आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरचा समुद्र शिवारात कसा आला याचा उलगडा पुढे कोणालाच झाला नसता. आतापर्यंत अशा एकेचाळीस ओळी सापडल्या आहेत.

जुनाजुळारी

पुढच्या फाइलींसाठी : दुरुस्त करताना ‘ऱ’ हे नुक्त्याचे अक्षर, मग हलन्त, मग ‘य’ किंवा ‘ह’ असे टाइप करा, म्हणजे कोणत्याही फॉन्टमध्ये ते नीट दिसेल. अंतिम मजकूर साध्या युनिकोड मजकूर-फाइलीतही ठेवा. ती उघडायला कोणतेच खास सॉफ्टवेअर लागणार नाही.

शिवारवाट

तसेच केले आहे. एक प्रत माझ्याकडे, एक भावाकडे, एक गावच्या वाचनालयात.

न आलेले २१२ केबी कुठे गेले तेही आता कळले. नकाशा-फाइलीवरून पुतण्याने शोधले, बराचसा भाग विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत होता, पण थोडा तिसऱ्या गावच्या फाइलीत आहे. वर्डमधल्या ‘कोणत्याही फाइलीतून मजकूर मिळवा’ या सोयीने बाकीचे आले, पण आबांनी घातलेल्या अनुक्रमांकांत ८३ ते ९१ ही नऊ नावे नाहीत, आणि पुस्तिकेत ते गाव घ्यायचेच राहिले होते. ८२ क्रमांकाला ‘ओढ्याकडची वगळ’ आहे आणि ९२ ला ‘म्हसोबाचं टेक’. म्हणजे मधली नऊ शेते ओढ्यापासून टेकापर्यंतच्या पाणंदीच्या कडेचीच असणार. ज्यांनी ती सांगितली, त्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची नजर गेली आहे, पण बोलणे स्पष्ट आहे. रविवारी सकाळी मी आणि आई तिकडे जाणार आहोत. आईने वही घेतली आहे.